फाकलेल्या पायांचे पिल्लू
उबवणी यंत्रातील कोंबडीची बाकीची पिल्ले एकविसाव्या दिवशी बाहेर आली. हे पिल्लू मात्र बाविसाव्या दिवशी दुपारी कवचातून सुटले, आणि अंग वाळल्यावर भावंडे उभी राहून धडपडू लागली तरी ते दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवून पोटावर पडून राहिले. उजव्या पायाची बोटे मुठीसारखी आत वळलेली होती. ‘ठेवायचे की नाही?’ हा प्रश्न घरात पहिल्याच तासात निघाला.

कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरते, त्यामुळे हा निर्णय थोडा लांबवता येत होता. उपचार मात्र लांबवून चालणार नव्हते, कारण पायांची हाडे व सांधे पहिल्या काही दिवसांतच वळवता येण्याइतके लवचीक असतात. म्हणून मी जगवण्या-न जगवण्याचा वाद बाजूला ठेवून आधी पाय बांधले.

त्याआधी एक गोष्ट तपासली. पायाच्या मधल्या सांध्याला आपण गुडघा समजतो, पण ती पक्ष्याची टाच असते. तिच्यामागच्या खोबणीतून जाणारी जाड शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी कंडरा, बाजूला सरकली असेल, तर पट्टी बांधून काहीच साधत नाही. बोट फिरवून दोन्ही पाय ताडून पाहिले. शीर जागेवर होती, सूजही नव्हती. मग चिकट बँडेजची अरुंद पट्टी दोन्ही पायांना, नैसर्गिक उभे राहण्याइतके अंतर ठेवून, बेडीसारखी लावली आणि वळलेली बोटे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पसरून चिकटवली. आईच्या आहारात रिबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, कमी पडल्यास बोटे अशी वळू शकतात. पण एका पिल्लावरून तसा निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटले. पायांच्या बाबतीत दोष थोडा माझाही असावा, कारण खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरण्याची चूक मी केली होती. ते काढून खरखरीत कापड घातले. विचित्र दिसणाऱ्याला इतर पिल्ले टोचतात, म्हणून त्याला दिव्याच्या उबेतच, पण जाळीपलीकडे ठेवले. एकटेपणाने ते चिवचिवत राहू नये म्हणून एक शांत पिल्लू सोबतीला दिले.

तिसऱ्या दिवशी नवीच खोट दिसली: वरची चोच खालच्या चोचीवरून किंचित डावीकडे सरकलेली होती. पाय सुधारतात, वाकडी चोच सहसा वाढीबरोबर अधिकच वाकडी होते. इथे मला खरा विचार करावा लागला. चोचीत थेंब-थेंब सोडून त्याला कितीही दिवस तगवता आले असते, पण त्यात पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि असे तगवणे बहुधा आपल्या मनाच्या समाधानासाठीच असते. म्हणून मी चोचीचे टोक पाण्यात बुडवून दाखवण्यापलीकडे गेलो नाही. चौथ्या दिवसानंतरही ते स्वतः खात-पीत नसेल आणि वजन वाढत नसेल, तर पशुवैद्याकडून वेदनारहित शेवट करून घ्यायचा, असे घरातल्या सर्वांसमोर ठरवून टाकले, म्हणजे पुढे लळा लागल्यावर सबबी शोधायला नकोत. वाकडी चोच आनुवंशिक असू शकते, तेव्हा ते जगलेच तर त्याची अंडी उबवायची नाहीत, हेही त्याच वेळी ठरले.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने ओलवलेल्या खाद्यात चोच खुपसली. सपाट ताटलीतून उचलणे त्याला जमत नव्हते, खोल वाटीतून चोचीने खोरल्यासारखे करून ते खाऊ लागले. पाचव्या दिवशी पट्टी काढली. दोन पावले टाकून ते फतकल मारून बसले, आणि पुन्हा उठले. एक बोट अजून वाकडेच आहे. चोचीच्या डाव्या बाजूला खाद्याचा लगदा चिकटून वाळतो, तो रोज संध्याकाळी ओल्या कापसाने पुसतो आणि मग त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतो.