कुपवाडला वॉटरजेट बघायला जाताय? प्लेट आपलीच न्या

वॉटरजेट म्हणजे पाण्याच्या प्रचंड दाबाच्या झोतात कठीण खनिजाची वाळू मिसळून धातू कापणारं मशीन. ते सांगलीजवळच्या कुपवाडला चालू बघायचं असेल, तर पुणे-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पेठ नाक्याला महामार्ग सोडायचा आणि ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), आष्टा करत सांगली गाठायची. उसाचा हंगाम असेल तर या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, अर्धा तास जादा धरा. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज जंक्शन सोयीचं, पुढं कुपवाड एमआयडीसीपर्यंत रिक्षा. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून मशीन चालू आहे ना, एवढं विचारा. बंद मशीन बघण्यात काही अर्थ नाही.

सोबत एसएस 304 चा (स्टेनलेस स्टीलचा) 12 मिमी जाडीचा, 300 बाय 300 मिमीचा तुकडा घ्या. साडेआठ किलो भरतो, पिशवीत बसतो. दुकानदाराने आधीच कापून ठेवलेलं नक्षीचं सॅम्पल बघून मशीन ठरवू नका. ते हळू वेगात कापलेलं असतं, त्यामुळे चकाचकच दिसणार. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (मशीनला देता येणारी ड्रॉइंगची संगणक फाइल), मिलिमीटरमध्ये, एकास एक. एकावर एक बसलेल्या डबल रेषा पुसा आणि आकार बंद करा, नाहीतर झोत तीच रेघ दोनदा फिरतो.

झोत साधारण 4,000 बार दाबाचा. 350 ग्रॅम गार्नेट (झोतात मिसळायची खनिजाची वाळू) मिनिटाला धरलं तर तासाला 21 किलो, म्हणजे 25 किलोची गोणी सव्वा तासही पुरत नाही. कटिंगचा खरा खर्च इथं आहे, विजेच्या बिलात नाही. वापरलेल्या गार्नेटचा गाळ टाकीतून कसा काढतात आणि कुठं टाकतात, हेही तिथंच विचारून घ्या.

तुकडा हातात आला की कड उजेडात तिरकी धरा. वरचा भाग मॅट, सपाट. खाली उतरेल तशा रेघा उमटतात आणि झोताच्या चालीच्या उलट मागे वळतात. वेग जास्त ठेवला की या रेघा वरपर्यंत चढतात. व्हर्निअरने वरचं आणि खालचं माप घ्या, फरक म्हणजे टेपर, कडेचा तिरपेपणा. त्याच आकाराचा दुसरा तुकडा निम्म्या वेगात कापून मागा आणि दोन्हींचे मिनिटं लिहून ठेवा. दर मिनिटावर असतो, तुम्हाला कुठली कड परवडते ते तिथंच कळतं.

बिघाड बहुतेक तीन ठिकाणी. गार्नेट दमट झालं की नळीत गोळा होऊन अडकतं आणि झोत पांढरा, फुसका पडतो. पावसाळ्यात गोण्या फळीवर ठेवल्यात का बघा. दुसरं बोअरचं जड पाणी. क्षार ऑरिफिसवर (पाणी झोत होऊन बाहेर पडतं त्या बारीक छिद्रावर) बसतात, झोत फाटतो, आणि मग मिक्सिंग ट्यूब (पाणी आणि गार्नेट एकत्र जातात ती नळी) एका बाजूने झिजते. म्हणून सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) आहे का, हा प्रश्न पंपाच्या ब्रँडच्या आधी. तिसरं, लहान तुकडे प्लेटखालच्या आधाराच्या पट्ट्यांच्या फटीतून टाकीत जातात किंवा तिरके उभे राहून नोझलला धडकतात. एवढ्याशा तुकड्यांना टॅब (तुकडा प्लेटला धरून ठेवणारी न कापलेली बारीक जागा) ठेवायला सांगा. एमएस (साधं पोलाद) असेल तर घरी येईपर्यंत गंज धरतो. तिथंच पुसून तेलाचा हात फिरवा.

जवळच हातात धरायच्या फायबर लेझर वेल्डिंगचा डेमो मिळाला तर सोडू नका, पण साधा हेल्मेट घालून उभे राहू नका. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा, साधारण 1,080 नॅनोमीटरचा, हातात मिळाल्याशिवाय आत जायचं नाही. परावर्तित किरणही डोळा घालवतो. पातळ एसएसवर वेग टीगपेक्षा (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या वेल्डिंगपेक्षा) कितीतरी जास्त आणि वाकही कमी, पण फट चालत नाही. दोन पत्र्यांतली थोडी फटसुद्धा त्रास देते. म्हणून हातकटरने कापलेल्या तुकड्यावर लेझर आजमावून त्याला नावं ठेवू नका. सकाळी कापलेले वॉटरजेटचे तुकडेच पुढं करा, फक्त कडेचं पाणी आणि गार्नेटची भुकटी आधी अ‍ॅसिटोनने पुसा. नाहीतर शिवणीत छिद्रं येतात.

परतीच्या गाडीआधी जॉबवर्कचं चलन (केलेल्या कामाच्या मालाची पावती) घ्यायला विसरू नका.