पाठचा फणस तोडला तर बुरशी जाईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जुलै लागला की दरवर्षी कोणी ना कोणी मला गाठून विचारतंच, "बाई, पाठची झाडां तोडली तर घरातली बुरशी जातली काय?" वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि राहते कुडाळच्या बाजूला, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. विचारणारी माणसं झाडांची वैरी नसतात. कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, चपलांवर हिरवट लव धरते, भिंतीवर काळे ठिपके उमटतात आणि कितीही पुसलं तरी आठ दिवसांत परत येतात. पाठीमागे परसात फणस, कोकम, त्याच्यापलीकडे देवराई. त्यात कुठेतरी वाचलेलं असतं की रानावरची हवा बुरशीच्या बीजाणूंनी, म्हणजे बुरशी ज्यांतून उगवते त्या अतिसूक्ष्म कणांनी, भरलेली असते. मग सगळा संशय झाडावर जातो.

वाचलेलं खरं आहे. ब्राझीलमध्ये मानाउस शहरापासून साधारण १५० किलोमीटरवर, अॅमेझॉनच्या जंगलात, ब्राझील आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून ३२५ मीटर उंचीचा मनोरा उभा केला आहे. २०१५पासून तो झाडांच्या शेंड्यांच्याही कितीतरी वरची हवा तपासतो. तिथे पावसाळ्यात, धूर आणि धूळ नसताना, हवेतल्या त्यातल्या त्यात मोठ्या कणांमध्ये सजीवांपासून आलेल्या कणांचाच भरणा असतो आणि त्यात बुरशीच्या बीजाणूंचा वाटा मोठा असतो. साऱ्या पृथ्वीवर वर्षाला सुमारे ५ कोटी टन बीजाणू हवेत जात असावेत, असा अंदाज जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडला.

एवढे बीजाणू वर जातात कसे, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अळंबी हीदेखील बुरशीच. तिच्या छत्रीखाली ज्या पापुद्र्यांच्या झालरी असतात, त्यांवर बीजाणू धरतात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी थोडी साखर पाझरते. ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि तिथे एक थेंब वाढू लागतो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर साचतो. थेंब फुगत फुगत त्या थराला टेकला की क्षणात त्यात मिसळून जातो, आणि त्या हिसक्याने बीजाणू देठावरून सुटतो. उडी एक मिलिमीटरचीही नसते, पण झालरीपासून मोकळं व्हायला तेवढी पुरते. पुढे तो खाली पडतो तो सेकंदाला एखाद-दोन मिलिमीटर इतक्या संथपणे, त्यामुळे वाऱ्याची बारीकशी झुळूकही त्याला उचलून नेते. या थेंबाला बुलरचा थेंब म्हणतात. रेजिनाल्ड बुलर या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला अळंब्यांचा हा सगळा व्यवहार बारकाईने नोंदवून ठेवला. हवेत पाणी नसेल तर हे यंत्र चालत नाही. म्हणून रात्री आणि पहाटे, हवा ओलसर असते तेव्हा, हे बीजाणू सर्वांत जास्त सुटतात.

आता तुमच्या कपाटाकडे येऊ.

देवराईतून पहाटे सुटलेले बीजाणू तुमच्या घरात येतात, यात शंका नाही. काचेच्या पट्टीला व्हॅसलिनचा पातळ हात देऊन ती खिडकीत ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, ते दिसतातच. पण खिडकीत पट्टीऐवजी बुरशीचं खाद्य घातलेली उघडी बशी ठेवली तर चार दिवसांनी तिच्यात उगवते ती निराळीच मंडळी: अॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम. रानातल्या अळंब्यांचे बीजाणू त्या बशीत सहसा रुजतच नाहीत. त्यांना कुजकं लाकूड हवं, पातेरा हवा, काहींना वारुळाच्या पोटातली वाळवीची बाग हवी. हवेत काय तरंगतंय ते बशीत उगवलेल्यावरून ठरवता येत नाही, म्हणूनच तर थेट हवा ओढून बीजाणू काचपट्टीवर धरणारी यंत्रं बनली. इंग्लंडमध्ये १९५२ साली हर्स्ट यांचं यंत्र आलं आणि पुढे आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादला, एस. टी. टिळक यांनी त्यांचं यंत्र तयार केलं. हवेतल्या जीवांचा अभ्यास मराठी मुलखात रुजला तो बराचसा टिळकांमुळे, आणि त्यांचं नाव आपल्या पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणजे तुमच्या साडीवर जी चढते ती देवराईतली अळंबी नव्हे. ती या साध्या बुरश्यांची वसाहत. त्यांचे बीजाणू कुठे नाहीत? भातशेतीत, वाळल्या गवतात, बाजारातल्या कांद्यावर, गादीत, पुस्तकात सगळीकडे आहेत. काही झाडाच्या पानांवरूनही येतात, ते मी लपवणार नाही. पण फणस तोडल्याने त्यांची ये-जा थांबत नाही. त्यांना भिंतीवर वाढायला एकच गोष्ट कमी पडत असते, ती म्हणजे पाणी. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की त्यांचं काम होतं, आणि आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेतच ती बहुतेक वेळा त्याहून जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीबद्दल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही भर आहे तो ओल रोखण्यावर.

आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. जोतं उंच, कारण जांभा दगड सच्छिद्र, तो जमिनीतलं पाणी वर ओढतो. चारी बाजूंनी पडवी, म्हणजे झड भिंतीपर्यंत पोचत नसे. चुलीचा धूर आणि ऊब माळ्यातून कौलांच्या फटींनी बाहेर जाई. आता आपण पडवी काढली, वर स्लॅब घातला, सरकत्या काचा लावल्या आणि त्या चार महिने बंद ठेवल्या. आत पाच माणसांचा श्वास, भाताची वाफ, दोरीवर न वाळणारे कपडे. ते पाणी जाणार कुठे? थंड भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीमागे.

झाडाचा संबंध एका बाबतीत जरूर येतो. फांदी छपरावर टेकली असेल, पानांनी पन्हळ तुंबत असेल, किंवा दाट सावलीमुळे दसऱ्यानंतरही भिंतीवर ऊन पडत नसेल, तर फांद्या छाटा. त्यासाठी बुंध्याला हात लावायचं कारण नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर गोष्ट आणखी गंभीर. अळंब्यांच्या बीजाणूंचीही काहींना अॅलर्जी असते, म्हणून त्याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या, पहाटे त्याच्या उशाची खिडकी बंद ठेवा, आणि भिंतीची ओल आधी काढा.

"मग बुरशी पाऊस पाडते ते तरी खरं ना?" असंही पुष्कळजण विचारतात. ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की उडालेल्या बीजाणूवर उरलेली साखर दमट हवेत पुन्हा पाणी धरते आणि त्याच्याभोवती थेंब वाढतो. असे थेंब पावसाला हातभार लावू शकतात, असं त्यांचं म्हणणं. समुद्रापासून दूर, स्वच्छ हवेच्या अॅमेझॉनमध्ये या गोष्टीला मोल आहे. आपल्याकडे अरबी समुद्रावरून येणारा वारा वाफेसोबत मिठाचे कणही घेऊन येतो आणि त्यांच्यावरही ढगांचे थेंब धरतात. मृग आपल्या दारात समुद्र आणतो, अळंबी नव्हे. बुरशीची बाजू घेताना मला खोटं काही सांगायचं नाही.

तिची खरी बाजू पायाखाली आहे. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन पूर्णपणे फोडू शकणारे जीव थोडेच, आणि त्यांत लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या सगळ्यांत पुढे. आपली तांबडी माती पावसाने धुऊन निघते, तिच्यात साठा फारसा राहत नाही. जे आहे ते पानापासून पातेऱ्यात आणि पातेऱ्यातून परत मुळाशी फिरत राहतं, आणि ते फिरवण्यात या बुरश्यांचा मोठा हात. म्हणून तुम्ही पातेरा जाळता तेव्हा मला झाड तोडल्याइतकंच लागतं.

आणि फणस तोडलातच, तर बुंधा आणि मुळं जमिनीतच राहणार. पुढची कित्येक वर्षं त्यांच्यावर अळंब्या उगवतील, तुमच्या खिडकीच्या अगदी जवळ. त्या पैशांत घराला पडवी काढा. तेवढं शक्य नसेल तर निदान जोत्यालगत पाणी वाहून न्यायला चर खणा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि पाऊस उघडला की दुपारी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या टाका.