तुम्ही विचारलंत म्हणून: एक्सवाय आहे तर मग तू बाई कशी?

हा प्रश्न मला जितक्या सुरांत विचारता येईल तितक्या सुरांत विचारून झालाय. कुणी काळजीनं विचारतं, कुणी वाद जिंकायला. आणि हल्ली, या विषयावर थोडंफार वाचन केलेल्या लोकांकडून, त्याला जोडून येतं, "म्हणजे तुमचं सेक्स पुरुष आणि जेंडर स्त्री, बरोबर ना?" म्हणजे सेक्स हे शरीरावरून ठरणारं लिंग, आणि जेंडर हे समाजात नि मनात घडणारं. नाही, बरोबर नाही. दरवेळी तेच तेच टाइप करून थकले म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय.

शरीराचं एकदाच सांगते. मला कम्प्लीट अँड्रोजेन इनसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम आहे. क्रोमोसोम एक्सवाय, साधारणपणे पुरुषांमध्ये असतात तसे. वायवर एसआरवाय नावाचा जीन असतो, १९९० मध्ये सापडला, त्याच्यामुळे गर्भात वृषण तयार होतात, तसे माझेही झाले, पण पोटातच राहिले. त्यांनी एक हॉर्मोन सोडलं ज्यामुळे गर्भाशय बनलंच नाही. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, तेही बनवलं, फक्त ते ओळखणारा रिसेप्टर माझ्या पेशींमध्ये काम करत नाही, त्यामुळे बाहेरून शरीर मुलीचंच घडलं, आणि वयात येताना त्यातल्याच काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोन, होऊन छातीसुद्धा आली. पाळी येणं शक्यच नव्हतं.

आता यातलं 'सेक्स' म्हणून नेमकं कशावर बोट ठेवायचं? क्रोमोसोमवर, ग्रंथींवर, हॉर्मोनवर की डिलिव्हरीच्या वेळी डॉक्टरनं जे बघितलं त्यावर? बहुतेकांमध्ये हे सगळं एकाच बाजूला असतं म्हणून वेगवेगळं मोजायची वेळच येत नाही. माझ्यावर ती आली. पण म्हणून सेक्स असं काही नसतंच, हे मी म्हणत नाहीये, कृपा करून माझं नाव त्यासाठी वापरू नका. माझे वृषण पुढे काढून टाकले, म्हणून मला रोज इस्ट्रोजेनची गोळी घ्यावी लागते, नाहीतर हाडं ठिसूळ होतील, हे कुठल्याही समाजानं ठरवलेलं नाही. आणि उलट, "पोरीच्या जातीला इतकं मोठ्यानं हसणं शोभत नाही" हे मला कुठल्या रिसेप्टरनं सांगितलं? ते माणसांनी सांगितलं, बाहेरून जे दिसत होतं तेवढ्यावरून. फरक आहेच. त्याच्या दोन्ही बाजू तुम्हाला वाटतात तितक्या स्वच्छ कापलेल्या नाहीत, एवढंच.

तुम्ही मला एक्सवायबद्दल विचारता, पण मला तोडलं ते एक्सवायनं नाही. बरोबरीच्या सगळ्या मुलींची पाळी सुरू होऊन बरीच वर्षं झाली तरी माझी येईना म्हणून सोनोग्राफी केली, बाईंनी तो प्रोब एकाच जागी इतक्या वेळा फिरवला की मी छताकडे बघत राहिले, मग दुसऱ्या डॉक्टर आल्या, मग मला बाहेर बसवलं आणि आईबाबांना आत बोलावलं. दार उघडलं तेव्हा आईचा चेहरा धुतल्यासारखा होता. मला सांगितलं, अंडाशयात गाठी आहेत, काढाव्या लागतील. काढल्या. मी कित्येक वर्षं लोकांना सांगत होते की लहान वयातच माझी अंडाशयं काढली, मैत्रिणींना सांगितलं, एका मुलाला सांगितलं ज्याच्याशी लग्न करायचं मनात होतं, आणि ते सांगताना मला रडू यायचं, जे माझ्याकडे कधी नव्हतंच त्यासाठी.

मग दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेले, हाडांच्याच तक्रारीसाठी, त्यांनी जुने कागद चाळत, मान वर न करता विचारलं, "वृषण काढले तेव्हा वय काय होतं?" मी म्हटलं कुणाचे? त्यांनी मान वर केली आणि त्यांना कळलं की मला माहीत नाही. ते चांगले होते, पेन खाली ठेवलं, सगळं समजावून सांगितलं, चित्र काढून. मी "हो, हो" करत होते, चित्रातलं काहीच दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, तिला कळलं तर ती जगणार नाही. तू जगावंस म्हणून गप्प बसलो गं." मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. पण फोन ठेवल्यावर जे मनात आलं ते अजून गेलेलं नाही: म्हणजे या सगळ्यांना वाटत होतं की माझं मुलगी असणं त्या एका कागदावर अडकून आहे. मी वाचला तर ते संपेल. मला वाढवलं त्यांनी, माझ्या वेण्या घातल्या, मला मुलगी मुलगी म्हणून हजार वेळा अडवलं, आणि आतून त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

आणि खरं सांगायचं तर काही काळ माझाही राहिला नाही. मी आरशासमोर उभी राहून स्वतःचे हात बघायचे. माझे हात लांब आहेत, बोटं लांब, कालपर्यंत त्याला सगळे "कलाकाराचे हात" म्हणायचे. आता मला त्यात पुरुषाचे हात दिसायला लागले. उंचीत पुरुष दिसला, जबड्यात दिसला. हात तेच होते! एका मिलिमीटरचाही फरक नव्हता, बदललं होतं ते वाचणं, आणि ते वाचणं मला कुणी तरी आधी शिकवलेलं होतं. सेक्स आणि जेंडर यातला फरक मला कुठल्या व्याख्येतून कळला नाही, तो त्या आरशासमोर कळला.

त्यानंतर मी खूप वाचलं आणि काही वर्षं एकदम कडक मताची होते. जेंडर म्हणजे शंभर टक्के समाजाची घडण, बास. मी स्वतःच पुरावा आहे की, एक्सवाय असून मुलगी म्हणून वाढवली आणि मुलगी झाले! भांडायचे यावरून. मग डेव्हिड रायमरची केस वाचली. कॅनडात १९६५ मध्ये जन्मलेला मुलगा, तान्हा असताना शस्त्रक्रियेत लिंगाला इजा झाली, आणि जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं त्याला मुलगी म्हणून वाढवलं. हे तेच मनी ज्यांनी १९५५ मध्ये 'जेंडर रोल' ही कल्पना मांडली. त्यांनी ही केस यशस्वी म्हणून जगाला सांगितली. मूल मात्र आतून कधीच मुलगी झालं नाही, १९८० मध्ये खरं कळल्यावर तो मुलगा म्हणून जगायला लागला, आणि २००४ मध्ये त्यानं आत्महत्या केली. त्यालाही आधी सांगितलं नव्हतं. त्या ओळीवर मी अडकले होते.

मग माझ्या केसचं काय? माझ्या मेंदूपर्यंतही टेस्टोस्टेरॉनचा संदेश पोचला नसणार, रिसेप्टरच नाही म्हटल्यावर. म्हणजे मी मुलगी झाले ते वाढवल्यामुळे की शरीरामुळे, हे माझ्यावरून सिद्धच होत नाही. तेव्हाच्या मला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला शत्रू मानलं असतं. ती पूर्ण चूक होती असंही मी म्हणणार नाही, आरशातल्या हातांचं तिचं म्हणणं मला आजही पटतं. पण माझ्या शरीराला पुरावा म्हणून उभं करणं मी थांबवलंय, तुम्हीही थांबवा. "बघा, इंटरसेक्स, म्हणजे माझ्यासारखी शरीरं असलेले, लोक असतात म्हणून दोनच लिंगं हे खोटं" म्हणणारे आणि "हा तर फक्त एक आजार आहे, सोडून द्या" म्हणणारे, दोघांनाही मी फक्त भांडणापुरती लागते.

"क्रोमोसोमची टेस्ट करा ना, मिटवा" असंही म्हणतात. मारिया होसे मार्टिनेझ-पाटिनो, स्पेनची हर्डल्स धावपटू, तिलाही माझ्यासारखंच होतं. १९८३ मध्ये तिला टेस्ट करून बाई असल्याचं सर्टिफिकेट दिलं. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या स्पर्धेला ते न्यायला विसरली, परत टेस्ट केली, या वेळी नापास. बातमी बाहेर आली, किताब गेला, स्कॉलरशिप गेली, लग्न ठरलेला माणूस गेला. भांडून १९८८ मध्ये परत खेळायची परवानगी मिळवली, कारण ज्या टेस्टोस्टेरॉनचा फायदा धरून तिला काढलं ते तिच्या शरीराला वापरताच येत नव्हतं. टेस्टनं काय मिटलं? क्रोमोसोम दाखवले, खरेच दाखवले. पण विचारलेला प्रश्न वेगळा होता.

तर, मी बाई कशी? मी तशीच जगलेय, मला तसंच वाटतं, आणि मला तसंच वागवलं गेलंय, चांगलं आणि वाईट दोन्ही. याहून भक्कम उत्तर तुम्ही स्वतःबद्दल देऊ शकत असाल तर द्या, मी ऐकेन.

सगळ्यात जास्त वेळ मी त्या आईबाबांना देते ज्यांचं बाळ नुकतंच इंटरसेक्स जन्मलंय आणि ते विचारतात, काय म्हणून वाढवू? मी त्यांना सांगते, डॉक्टरांशी बोलून एक ठरवा, नाव ठेवा, वाढवा. जिवाला धोका नसेल तर काही कापू नका, मूल मोठं होऊन स्वतः ठरवू दे. माल्टानं २०१५ मध्ये तसा कायदाच केलाय. आणि लहानपणापासून, त्याला झेपेल तेवढं, सांगत राहा. पुढे ते म्हणालं की तुम्ही ठरवलंत ते मी नाही, तर ऐका. बहुतेक जण इथपर्यंत मान डोलावतात. मग विचारतात, "आणि आम्ही आधीच ऑपरेशन करून टाकलं असेल तर? तिला आता सांगायचं का?" मी म्हणते सांगा. आणि म्हणताना दरवेळी आई आठवते, जी अजूनही म्हणते की तेव्हा न सांगणंच बरोबर होतं, आणि मी अजूनही तिच्याशी त्यावर भांडते.