भट्टी बंद, म्हणून घरच्या ओव्हनमध्ये बदामाची नानकटाई

परळ-लालबागच्या आमच्या भागात दिवाळीच्या तोंडावर बेकरीसमोर स्टीलच्या डब्यांची रांग लागायची. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची हे सगळं आपण घरून न्यायचं. बेकरीवाला ते मळून ट्रे भरणार, पावाचा घाणा निघाला की उतरत्या आचेवर भाजून देणार आणि किलोमागे मजुरी घेणार. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचा त्रास शेजारपाजारच्यांना होताच, त्यामुळे निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आमच्या बेकरीतल्या चाचांनी विजेचा छोटा ओव्हन घेतला आणि तो रोजच्या पावालाच पुरेना. "इस साल घर का माल नहीं ले पाऊँगा, भाई," त्यांनी गणपतीतच सांगून टाकलं.

म्हटलं, मग घरीच करू. आणि घरीच करायची तर बदामाची. बेकरीत बदामाचं पीठ ते कधी घेत नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, "बादाम जल्दी लाल हो जाता है, बाद में मुझे मत बोलना." हे एक वाक्य मला पुढे सगळ्या पाककृतींपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

बदाम घ्यायला मस्जिद बंदरला गेलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदाम आणि तूप दोन्हींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला होता, त्यामुळे दुकानदार स्वतःहूनच भाव सांगत होते. मामरा बदाम दिसायला सुरकुतलेला, तेलकट आणि कॅलिफोर्नियाच्या कितीतरी पट महाग. सकाळी भिजवून चार दाणे खायला तो छान, पण दळायला माझ्या मते नकोच. तेल लगेच सुटतं आणि साखर-वेलचीत त्याची चव काही वेगळी कळत नाही. साधा कॅलिफोर्निया घेतला, तोही चावून बघून. जुना बदाम जिभेच्या मागच्या बाजूला खवट लागतो आणि भाजल्यावर तो खवटपणा लपत नाही.

दुकानदाराने बदाम इसेन्सची बाटलीही पुढे केली. ती नाही घेतली. त्या इसेन्सचा जो उग्र वास आपण "बदामाचा" म्हणून ओळखतो, तो कडू बदामाचा वास आहे, बेन्झाल्डिहाइडचा. आपण खातो त्या गोड बदामाला तो जवळपास नसतोच. नानकटाईत त्याने आइस्क्रीमच्या गाडीची आठवण येते, आणि मला वेलची-जायफळ हवं होतं.

खरं काम इथून पुढे. निम्मे बदाम सालासकट ठेवले, निम्मे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून, गार पाण्यात काढून सोलले. साल ठेवलं की रंग थोडा मळकट येतो पण चवीला जरासा तुरटपणा राहतो, जो एवढ्या तुपा-साखरेत मला हवाच होता. सोललेले बदाम पंख्याखाली पसरून रात्रभर वाळवले आणि सकाळी ओव्हनमध्ये १०० अंशांवर थोडा वेळ ठेवले. ओल राहिली तर मिक्सरमध्ये पूड न होता लगदा होतो. दळताना त्यातच दोन चमचे मैदा घातला, म्हणजे सुटणारं तेल तो पिऊन घेतो. मिक्सर सलग फिरवायचा नाही. चालू-बंद, चालू-बंद, मधेच भांडं हलवायचं. मग रव्याच्या चाळणीतून चाळलं. वर उरलेली भरड फेकली नाही, ती वरून दाबायला राखून ठेवली.

आता प्रमाण. इथे माझा आणि आईचा वाद झाला. तिचं म्हणणं, जेवढा मैदा कमी केलास तेवढी बदामपूड घाल, बाकी नेहमीसारखंच. पण बदाम हे पीठ नव्हे. १०० ग्रॅम बदामात साधारण ५० ग्रॅम तेलच असतं. ते भाजताना बाहेर येतं, म्हणजे तूप न वाढवताही वाढतं. शिवाय मैद्यात ग्लूटेन असतं, ते थोडंफार धरून ठेवतं; बदामात ते नाही. म्हणजे एकीकडे स्निग्धता वाढली आणि दुसरीकडे बांधणारं कमी झालं. नेहमीचंच तूप घातलं असतं तर ट्रेवर पापड पसरले असते.

शेवटी मी हे ठरवलं: मैदा १५० ग्रॅम, बदामपूड १०० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, खायचा सोडा अगदी चिमूट, मीठ चिमूट, वेलची आणि किसलेलं जायफळ. बेसन खमंगपणासाठी. सोडा जास्त घालायचा मोह होतो कारण भेगा छान पडतात, पण सोड्याने रंग लवकर चढतो आणि इथे बदाम आधीच त्या घाईत. बेकऱ्यांमध्ये भेगांसाठी आणि खुसखुशीतपणासाठी अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेटची पूड) वापरतात. घरच्या बंद स्वयंपाकघरात त्याचा भपकारा कोण सहन करणार!

वजनं मी काट्यावर केली. आई वाटीने मोजणारी, तिला हे जरा नाटकी वाटलं. पण बदामपूड वाटीत दाबून भरली की एक वजन आणि भुरभुरून भरली की दुसरं, त्यामुळे इथे वाटीवर माझा विश्वास नाही.

तूप फेसण्याच्या बाबतीत मात्र तिचंच ऐकलं. ऑक्टोबरच्या मुंबईत घरचं तूप अर्धं पातळ असतं, आणि पातळ तुपात हवा धरली जात नाही. म्हणून आधी फ्रीजमध्ये थिजवलं, मग लोण्याइतकं मऊ होऊ दिलं. परातीत काढून तळहाताने गोल गोल फेसायला लागलो.

"आई, झालं का?"

"अरे, अजून पिवळं दिसतंय. पांढरं होऊ दे."

हात भरून आला तेव्हा कुठे ते पांढरट, हलकं झालं. मग पिठीसाखर घालून पुन्हा फेसलं. हँड मिक्सर होता घरात, पण हाताने फेसताना तूप वितळायला लागलं की लगेच कळतं. तसं झालं की परात दोन मिनिटं फ्रीजमध्ये. चाळलेली पिठं घातल्यावर मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. लोण्यात पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं, त्यामुळे तुपाच्या पिठात ग्लूटेनला वाव कमीच. तरी जोर लावून मळलं तर खुसखुशीतपणा जातोच.

गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला आणि त्या वेळात ओटीजीचं, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचं बघितलं. आमची इमारत जुनी. स्वयंपाकघरात साधे ६ अँपिअरचेच प्लग, आणि १५००-१६०० वॉटचा ओटीजी त्यावर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. गीझरसाठी काढलेला १६ अँपिअरचा जाड पिनांचा पॉइंट बाथरूमच्या बाहेर आहे, म्हणून ओटीजी पॅसेजमध्ये स्टुलावर बसला. त्या संध्याकाळी आंघोळीला जाणाऱ्या प्रत्येकाने वास घेत घेत चौकशी केली.

आत टांगायचा छोटा थर्मामीटर क्रॉफर्ड मार्केटजवळ केकचं सामान मिळतं तिथून आणला होता. बटणावर १६० लिहिलेलं असताना आत १८० दाखवत होतं. साध्या नानकटाईला हे चाललं असतं. बदामाला चाललं नसतं. बटण मागे घेऊन खरोखरचे १६० आणले, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. काळा ट्रे बाजूला ठेवून ॲल्युमिनियमचा घेतला, कारण काळ्यात बूड आधी करपतं.

आणि मग चाचणी: सगळा ट्रे न भरता दोनच गोळे. पसरून सपाट झाले तर पिठात चमचाभर मैदा. अजिबात न पसरता खोल तडे गेले तर चमचाभर तूप. माझे किंचित पसरले, कडेने बारीक भेगा आल्या. मैदा वगैरे काही न घालता उरलेला गोळा आणखी दहा मिनिटं थंड केला आणि तेवढ्याने काम झालं.

वीस-वीस ग्रॅमचे गोळे, वरून अंगठ्याने हलका दाब आणि त्यात राखलेली भरड. २५-२६ होतात. मध्ये दोन बोटांचं अंतर. बारा मिनिटांनी ट्रे फिरवला, कारण ओटीजीची मागची बाजू जास्त तापते. अठराव्या मिनिटाला वरून पाहिलं तर कच्चीच वाटावीत अशी पांढुरकी. इथेच धीर लागतो. वरचा रंग बघत बसायचं नाही. एक नानकटाई सुरीने हलकेच उचलून बूड बघायचं. बुडाला फिकट तांबूस कड दिसली की बाहेर. वर सोनेरी रंग येईपर्यंत थांबलात तर आतला बदाम कडवट झालेला असतो.

बाहेर काढल्यावर ती दाबली तर मोडणार, कारण तूप आणि साखर अजून वितळलेली असतात. ट्रेवरच दहा मिनिटं राहू दिली, मग जाळीवर. आमच्या घरात हा सगळ्यात अवघड टप्पा. पुतण्याने गरम असतानाच एक उचलली, ती त्याच्या हातातच भुगा झाली, आणि भुगा घेऊनच तो पळाला.

चव दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागली, जायफळ मुरलेलं होतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ धरली की खुसखुशीतपणा संपला. साधी नानकटाई आमच्याकडे महिनाभर टिकायची. बदामाची मी दोन आठवड्यांच्या आत संपवायला सांगतो, कारण दळलेला बदाम लवकर खवट होतो. शेजारच्या काकूंनी चिवड्याच्या बदल्यात डबा नेला आणि वाटीचं प्रमाण मागितलं. मी त्यांना काटाच वापरायला दिला.

बहिणीला बंगळुरूला पाठवताना नानकटाया आडव्या एकावर एक न रचता उभ्या, बांगड्यांसारख्या ओळीत लावल्या, मधल्या फटींत बटर पेपरचे बोळे कोंबले आणि डबा हलवून आत काही वाजत नाही ना ते बघितलं. कुरिअरने तीन दिवसांत पोहोचल्या. दोनच मोडल्या होत्या.