अरबी नावांची सूची करताना

मध्ययुगीन अरब प्रवाशांनी कोकण किनाऱ्याबद्दल काय लिहिलं, यावरच्या एका मराठी पुस्तकाची नामसूची माझ्याकडे आली. संपादकांनी तक्ता आखूनच ठेवला होता: नाव, जन्मगाव, मृत्यू. जन्मगाव काय, नावातच असतं, आपल्या चौलकर-पेणकरांसारखं, असं त्यांचं म्हणणं.

सर्वांत आधी तो रकानाच काढायला लावला. नावाच्या शेवटी येणाऱ्या या ईकारान्त पदाला अरबीत निस्बा म्हणतात. इस्तख्री हा इराणातल्या इस्तख्रचा, इथवर ठीक. पण हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये, चौलला येऊन गेलेला मसूदी मूळचा बगदादचा. त्याची निस्बा गावाची नाहीच. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसूद यांच्या वंशातला म्हणून तो मसूदी. इद्रीसीचंही तसंच, घराण्यावरून आलेलं. याकूत अल्-हमवीची गोष्ट आणखी वेगळी. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. हमा हे त्याला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचं गाव. मालकाचं गाव जन्मभर नावाला चिकटलं, आणि स्थळनामांचा प्रचंड कोश रचला तोही यानेच!

तो कोशही एका उच्चाराच्या वादातून निघाला. मर्वला असताना हुबाशा या जुन्या बाजाराचं नाव हु-ने म्हणायचं की ह-ने, यावरून त्याची एकाशी जुंपली आणि ग्रंथांत उत्तर सापडेना. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. म्हणून याकूत काय किंवा निस्बांचा कोश करणारे समआनी (मृत्यू ११६६) काय, कोणत्या अक्षरावर कोणता स्वर ते शब्दांत सांगतात. देवनागरी रूपं ठरवताना मी त्याच्याच आधाराने चाललो.

एखाद्या गावी चार वर्षं राहिलं की तिथली निस्बा लावावी, असं मत हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, अभ्यासकांत सांगितलं जाई. मुक्काम बदलला तर दोन निस्बांमध्ये ‘सुम्मा’, म्हणजे ‘नंतर’, घालायचं: हर्रानी सुम्मा दमिश्की, म्हणजे आधी हर्रानचा, नंतर दमिश्कचा (दमास्कसचा). मला सर्वांत गंमत वाटली ती तबरीची. इराणच्या उत्तरेकडच्या तबरिस्तानचा तो तबरी. मग पॅलेस्टाइनमधल्या तबरिय्याचा माणूस? त्याला तबरानी करून वेगळा काढला. पुन्हा तबरिस्तानातल्या आमुलचे विद्वान बहुधा तबरी म्हणूनच ओळखले जात; आमुली म्हणून नाव झालं ते जैहून नदीकाठच्या दुसऱ्या आमुलच्या लोकांचं. रय्य गावचा राझी आणि मर्वचा मर्वझी, यांत मधेच ‘झ’ येतो; ते मात्र सरळ पाठ करावेत.

स्थळांची सूची त्यामानाने लवकर उरकली. सैमूर म्हणजे चौल, सूबारा म्हणजे सोपारा, ताना म्हणजे ठाणे.

अडलं ते वर्णक्रमावर. अरबी सूचीत ‘अल्’ धरत नाहीत, नाहीतर निम्मी मंडळी ‘अ’मध्येच जाऊन बसतील. माणूस ज्या नावाने प्रसिद्ध, त्याखाली त्याची नोंद: तबरी ‘त’मध्ये, इब्न हौकल ‘इ’मध्ये, याकूत ‘य’मध्ये. हे संपादकांना पटलं. फक्त अल्बेरुनीवर ते हटून बसले, कारण मराठी वाचक त्याला ‘अ’मध्येच शोधणार. त्यांचंही खरंच होतं. शेवटी पृष्ठांक सगळे बिरूनीखाली दिले आणि ‘अ’मध्ये एक ओळ ठेवली, ‘अल्बेरुनी: पाहा बिरूनी’.