रीळ कुठंय?

सोमवार, 23 फेब्रुवारी 2009. महाशिवरात्र. मी तेव्हा नाशकातल्या एका जुन्या टॉकीजला ऑपरेटर होतो. सकाळी टीव्हीवर ऑस्कर जाहीर झाले. ‘स्लमडॉग मिलेनियर’ला 8, त्यातले 2 रहमानला. आमच्याकडे हिंदीतला होता, ‘स्लमडॉग करोडपती’. दुपारी 1 च्या खेळाला बाल्कनी फुल्ल.

वितरकाने ऑस्करच्या हवेवर शुक्रवारी तो पुन्हा लावला होता, पण पैसे वाचवायला प्रिंट एकच दिली, पंचवटीतल्या एका टॉकीजला आणि आम्हाला मिळून. तिकडे खेळ 12 ला, इकडे 1 ला. तिकडे रीळ संपलं की उलटं गुंडाळून डब्यात, डबा सायकलच्या कॅरिअरवर आणि सायकल अहिल्याबाई होळकर पुलावरून आमच्याकडे. लोकांना पिक्चर सलग दिसायचा. केबिनमध्ये तो 2000 फुटांच्या 6 तुकड्यांत असायचा, एक तुकडा साधारण 22 मिनिटांचा. तुकडा संपत आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदली. त्या दुसऱ्या ठिपक्याला माझा हात कधी चुकला नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

डबे आणणारा पोरगा फुलेनगर झोपडपट्टीतला, सतरा वर्षांचा. त्याला पिक्चरचा शेवट पाठ होता, कारण सहावा डबा पोचवला की त्याचं काम संपायचं आणि तो माझ्याजवळ उभा राहून स्टेशनवरचा नाच बघायचा. सुरुवात त्याने कधी पाहिलीच नव्हती. तेव्हा तो रस्त्यावर असायचा.

त्या दिवशी तीन रिळं वेळेत आली. चौथं-पाचवं इंटरव्हलमध्ये यायचं होतं, आलं नाही. दहा मिनिटांचा इंटरव्हल पंचवीसवर गेला, खालून शिट्ट्या सुरू झाल्या. तिकडे फोन केला तर पोरगा 2 लाच निघालेला. मॅनेजर मलाच म्हणाला, ‘‘तुमचा पोरगा कुठे गेला बघा.’’ पगार देताना तो टॉकीजचा होता, हरवल्यावर माझा झाला.

हेल्परला केबिनमध्ये ठेवून मी स्कूटर काढली. रामकुंडाकडे मुंगीला वाट नव्हती. सगळीकडे बॅरिकेड, त्यात मालेगावच्या स्फोटाला पाच महिने आणि मुंबईच्या हल्ल्याला तीन महिने झालेले. दोन पत्र्याचे डबे कॅरिअरला बांधून गर्दीतून सायकल दामटणारं पोरगं पोलिसांनी अडवलं, यात मला आजही त्यांची चूक दिसत नाही. डबे उघडून बघितले, आत फिल्म निघाली. तिथेच विषय संपायला हवा होता. पण मग पत्ता विचारला, फुलेनगर ऐकलं, आणि फिल्म चोरीची ठरली.

चौकीत शिरलो तेव्हा टेबलावर चौथं रीळ उघडं पडलं होतं. एक शिपाई पट्टी खिडकीच्या उजेडात धरून आतली चित्रं शोधत होता, दोन्ही अंगठे नेमके चित्रावर. मी धावत जाऊन ती हातातून घेतली. कडेची भोकं फाटलीत का ते नखाने चाचपत गेलो, रुमालाने धूळ टिपली, आणि तोंडातून पहिला प्रश्न निघाला, ‘‘पाचवं रीळ कुठंय?’’

पाचवं बाकाखाली होतं. त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून, पोरगा फरशीवर बसला होता. शर्टाचा खिसा उसवून लोंबत होता, गालावर चार बोटं उठली होती. तो माझ्याकडेच बघत होता, मी आल्यापासून.

त्याच्या खिशात टॉकीजच्या लेटरहेडवर दोन ओळी असत्या, ‘हा आमचा माणूस, डबे आमचे’, तर हात उठला नसता. मॅनेजरने ते कधी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. साहेबांनी माझी सही घेऊन सोडलं. डबे मी स्कूटरवर पुढे घेतले आणि त्याला म्हणालो, ‘‘तू ये सावकाश.’’ पावणेतीनला पडदा पुन्हा उजळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मशीनजवळ उभा होतो आणि माझे हात थरथरत होते.

तो दुसऱ्या दिवशी कामावर आला. काही बोलला नाही.

शुक्रवारी पंचवटीत पिक्चर उतरला, प्रिंट पूर्ण आमच्याकडे आली, सायकलचं काम संपलं. हिशोब घ्यायला आला तेव्हा मी त्याला केबिनमध्ये बोलावून स्टुलावर बसवलं. पहिलं रीळ लावलं. झोपडपट्टीतला मुलगा इतकं जिंकलाच कसा, म्हणून पोलिसांनी त्याला टांगलंय, मारतायत. पोरगा केबिनच्या काचेला कपाळ टेकून बघत राहिला. संडासातल्या उडीला खाली सगळं थिएटर हसलं, तो नाही हसला.

मग विचारलं, ‘‘काका, ह्याला सोडवायला कोण येतं?’’

‘‘कुणी नाही. कसं जिंकला ते सगळं तोच सांगतो. इन्स्पेक्टर ऐकून घेतो, मग सोडतो.’’

‘‘मला कुणी विचारलंच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हीपण.’’

कोपऱ्यात ठिपका चमकला. मोटर सुरू करायला मला वळावं लागलं.