टेक्नॉलॉजी रडारची बैठक

आज टीमचं टेक्नॉलॉजी रडार (कोणतं तंत्रज्ञान वापरावं, कोणतं टाळावं याचा तक्ता) नव्याने मांडलं. थॉटवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी 2010 पासून असं रडार प्रसिद्ध करते, त्याच धर्तीवर: अ‍ॅडॉप्ट (खुशाल वापरा), ट्रायल (कामात आजमावून बघा), असेस (आधी नीट अभ्यासा), होल्ड (थांबा).

खरा वाद रंगला एका नव्या व्हेक्टर डेटाबेसवरून (माहिती आकड्यांच्या रूपात साठवून अर्थाने जवळचं शोधून देणारा डेटाबेस). डेमो झकास होता. पण बॅकअप घेऊन तो रिस्टोअर करून दाखवा म्हटल्यावर सगळे गप्प! शेवटी तो ट्रायलमधून असेसमध्ये सरकवला, आणि मला ते मनापासून पटलं. गिटहबवरचे स्टार (कोड ठेवायच्या त्या साइटवरचे लाइकच जणू) मोजून निर्णय घेऊ नयेत. मध्यरात्री सिस्टिम बसली तर ती सावरणार कोण, हे आधी विचारावं.

जुनं फ्रेमवर्क होल्डमध्ये गेलं (म्हणजे नव्या कामात नको, इतकंच), तरी ते सांभाळणारी मंडळी हिरमुसली. त्यांच्याशी उद्या नीट बोलायचंय.